टाकी फुल ते टाकी फुल: पेट्रोलचा हिशेब ठेवत केलेली कोकणफेरी

डिसेंबर 2025च्या शेवटी मामांना वारसनोंदीच्या कामासाठी गुहागरला जायचे होते आणि आम्हा नवरा-बायकोला काही दिवस मुंबईबाहेर पडायचे होते. सरळ महामार्गाने जाऊन त्याच रस्त्याने परत येण्याऐवजी साताऱ्यावरून कोल्हापूर, तिथून आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि मग किनाऱ्याच्या बाजूने वर सरकत गुहागर, असा लांबचा वळसा घ्यायचे ठरले. मुंबईत तेव्हा पेट्रोल 103 रुपयांच्या वर आणि आमची गाडी शहरात लिटरला बारा किलोमीटरच्या पुढे जायला तयार नाही, त्यामुळे मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितले की या वेळी पेट्रोल वाचवत जाऊ. "पेट्रोल वाचवायचं तर वळसा कशाला घेतेस? घरी बस," असे म्हणून ते हसले, पण दुसऱ्या दिवशी एक शंभर पानी वही घेऊन हजर झाले.

मामा एसटीत चिपळूण आगारात चालक होते. एसटीत दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर चालली याचा केपीटीएल नावाचा आकडा काढतात आणि तो चालकाच्या नावापुढे लागतो. ज्याचा आकडा सतत खाली, त्याला बोलावणे येते. निवृत्तीनंतरही त्या आकड्याची सवय त्यांच्या अंगातून गेलेली नाही.

निघण्यापूर्वी त्यांनी आमच्या गाडीची झडती घेतली. टपावरचा कॅरियर आधी काढायला लावला. मागच्या कोकणवारीत तो सामानासह होता आणि सरासरी साडेपंधरावर आली होती, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतले. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार टपावरची मोठी पेटी महामार्गावर सहा ते सतरा टक्के आणि ताशी 105 ते 120च्या वेगाला दहा ते पंचवीस टक्के मायलेज खाऊ शकते, आणि गाडीतले 45 किलो जादा वजन मात्र साधारण एक टक्काच. म्हणजे डिकीत बॅगा कोंबणे टपावर बांधण्यापेक्षा केव्हाही परवडते. आमच्या डिकीतून दोन जुन्या छत्र्या, मुलीचे क्रिकेटचे किट आणि दिवाळीपासून पडून असलेली रद्दी निघाली.

टायरच्या हवेबाबत मामा अधिकच काटेकोर. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लावलेले स्टिकर असते, त्यावर दोन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक असे हवेचे आकडे दिलेले असतात. बरेच हवावाले मात्र न विचारता सगळ्यांना एकच आकडा भरतात. हवा तपासायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी, कारण टायर तापला की आतला दाब वाढतो आणि कमी हवाही पुरेशी दिसते. मामांच्या खिशातल्या छोट्या गेजने दाखवले की पुढच्या उजव्या टायरमध्ये हवा सहा पॉइंटने कमी होती. त्याच टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली होती, त्याचीही त्यांनी वहीत नोंद केली.

पहिला दिवस: मुलुंड ते सातारा

आदल्या रात्री मुलुंडला टाकी फुल करून पहाटे साडेपाचला निघालो. ऐरोली पुलाच्या नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नसल्याने पूर्वीची रांग राहिलेली नाही आणि कळंबोलीपर्यंत गाडी जवळपास न थांबता गेली. इंजिन गार असते तेव्हा ते जास्त पेट्रोल पिते, म्हणून काही जण गाडी चालू करून पाच मिनिटे जागेवर ठेवतात. हल्लीच्या इंजिनाला त्याची गरज नसते. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावी, तेवढ्यात इंजिन आपोआप तापते.

द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. मामांनी मला 80 वर धरायला लावले आणि उजवी लेन वर्ज्य केली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 100 वरून 80 वर आले की हवा कापायला लागणारी ताकद किलोमीटरमागे एकतृतीयांशाहून अधिक घटते. त्या बदल्यात वेळ किती जातो? घाट वगळून साधारण 80 किलोमीटर धरले तर 48 मिनिटांऐवजी तासभर, म्हणजे बारा मिनिटे जास्त. तेवढी मिनिटे आपण फूड मॉलमध्ये वड्याच्या रांगेतही घालवतोच. पीसीआरए ही इंधनबचतीसाठी 1978 साली स्थापन झालेली सरकारी संस्था तर ताशी 45 ते 55 हा सर्वात काटकसरीचा वेग सांगते, पण द्रुतगती मार्गावर त्या वेगाने मोटार चालवणे म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आमंत्रण देणे होय. इंधनाच्या गणिताला सुरक्षिततेची मर्यादा असते, आणि ती मामा माझ्यापेक्षा जास्त पाळतात.

नवरा मागे बसून दर दहा मिनिटांनी "अजून ऐंशीच?" असे विचारत होता. लोणावळ्याला पोचेपर्यंत त्याला झोप लागली.

खंबाटकी घाटात मला खरा धडा मिळाला. पेट्रोल वाचावे म्हणून मी चढावरही चौथा गिअर धरून ठेवला होता. मामांनी कान टवकारले. "ऐक, इंजिन कण्हतंय. वरचा गिअर म्हणजे काटकसर असं नाही. ओढ कमी पडली की एक गिअर खाली ये." तिसऱ्यात आल्याबरोबर पाय निम्मा उचलूनही गाडी तोच वेग धरून चढू लागली. कण्हणारे इंजिन ओढ मिळवायला पेट्रोल जास्त मागते आणि शिवाय बेअरिंगवर ताण देते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा कानाने ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

साताऱ्यात संध्याकाळी चांगलीच थंडी होती. मोती चौकातून कंदी पेढे घेतले आणि लवकर झोपलो.

दुसरा दिवस: सातारा, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी

सकाळी सातला पंपावर गेलो, तेव्हा नवऱ्याने त्याचा आवडता सिद्धांत मांडला: सकाळी पेट्रोल थंड आणि घट्ट असते, म्हणून तेव्हाच भरावे. पेट्रोल दर अंशाला साधारण 0.1 टक्का प्रसरण पावते हे खरे. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान सकाळ-दुपारी फारसे हलत नाही, त्यामुळे सकाळी लवकर जाऊन मिळते ती फक्त रिकामी रांग. शंभरऐवजी एकशेदहाचे भरायचे, म्हणजे फसवणूक होत नाही, या समजुतीलाही तितकाच आधार आहे. शंका असेल तर हक्काचा उपाय वेगळा आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितले तर त्यात भरून दाखवावे लागते. मामांनी ते मागितलेच. मला वाटले व्यवस्थापक वैतागेल. उलट तो खुश झाला, तांब्याचे माप फडक्याने पुसून आणले, नळी रिकामी होईपर्यंत थांबला आणि पेट्रोल मापाच्या मानेवरच्या खुणेला नेमके टेकलेले आम्हाला वाकून बघायला लावले. "महिन्यातून एखादा माणूस विचारतो, आणि तो बहुतेक एसटीचा असतो," असे तो म्हणाला.

टाकी फुल करण्याचीही रीत आहे. नळीचा चाप पहिल्यांदा आपोआप सुटला की थांबायचे. पंपावरची मुले सुट्या पैशांचा घोळ नको म्हणून वर अजून थोडे कोंबतात. त्याने हिशेब बिघडतो, कारण पुढच्या पंपावर तेवढेच कोंबले जाईल याची खात्री नसते, आणि जादा पेट्रोल टाकीची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत जाऊन ती खराब होऊ शकते. आदल्या फुलपासून चाललेले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर, हे खरे मायलेज. गाडीच्या पडद्यावरचा आकडा अनेकदा थोडा उदार असतो. आमचा पडदा 20.9 म्हणत होता, मामांच्या वहीत 19.8 आले. मला तेही पुष्कळ वाटले.

साताऱ्यापासून पुढे हंगामाचे दिवस असल्याने रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांचे राज्य होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की माझा पाय शिवशिवायचा. जरा जागा दिसली की जोरात दाबायचे, पुढे दुसरा ट्रॅक्टर, पुन्हा ब्रेक. मामा म्हणाले, "ब्रेक मारलास की पेट्रोल जाळून मिळवलेला वेग तू डिस्कवर घासून टाकतेस. लांबूनच पाय उचल." त्यानंतर मी पुढच्या गाडीकडे न बघता तिच्या पुढे तिसऱ्या-चौथ्या गाडीकडे बघू लागले, अंतर दुप्पट ठेवले, आणि कराडपर्यंत ब्रेकचा वापर इतका कमी झाला की नवऱ्यानेही ते न सांगता ओळखले. संपूर्ण प्रवासात सर्वात जास्त पेट्रोल कशाने वाचले असे कोणी विचारले, तर मी वेगाच्या आधी याचे नाव घेईन.

त्या उसाचा आमच्या टाकीशी थेट संबंध होता. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यातले बरेचसे ऊस आणि धान्यापासून येते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मिश्रणावर मायलेजमध्ये काही टक्के घट अटळ असते. विशेषतः आमच्या 2019च्या गाडीसारख्या, दहा टक्के मिश्रण डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या गाड्यांत ती जाणवते. जुनी सरासरी आठवून गाडी बिघडली असे ठरवण्याआधी हे लक्षात घ्यावे. चहाच्या टपरीवर भेटलेल्या ट्रॅक्टरवाल्याला मी हे सांगितले, तर तो म्हणाला, "म्हणजे आमचाच ऊस जाळून तुम्ही आमच्या मागं हॉर्न वाजवताय."

कोल्हापुरात मिसळ खाल्ली, तांबडा-पांढरा रस्सा रात्रीपर्यंत न थांबता दुपारीच उरकला, आणि गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोलीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटर उंच आहे. तिथून सावंतवाडीकडे रस्ता थेट खाली कोसळतो. अनेक जण इथे गाडी न्यूट्रलवर सोडतात, काही महाभाग इंजिनच बंद करतात. इंजिन बंद केले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते आणि चावी जास्त फिरली तर ते अडकूही शकते. हा जिवाशी खेळ आहे. आणि गंमत अशी की न्यूट्रलमध्ये पेट्रोलही वाचत नाही. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक पेट्रोल मोजून सोडतो अशा गाडीत गिअर टाकून, पाय पूर्ण उचलून उतरले की चाकेच इंजिन फिरवतात आणि संगणक पेट्रोलचा पुरवठा थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहते. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होते आणि पडद्यावरची मायलेजची पट्टी वरच्या टोकाला जाऊन थांबली होती. आमच्या पुढच्या गाडीचे लाल दिवे पूर्ण घाटभर विझले नाहीत आणि निम्म्या वाटेत तिच्या ब्रेकचा जळका वास आमच्या काचेतून आत आला.

मामा डिझेलच्या जुन्या लाल गाड्यांच्या काळापासून हाच नियम पाळत आले: ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतर.

तिसरा दिवस: सावंतवाडी ते गणपतीपुळे

सकाळी मोती तलावाला फेरी मारली, चितार आळीत लाकडी फळांची परडी घेतली. लॉजच्या मालकांनी नाश्त्याला घावणे आणि सल्ला दोन्ही वाढले. "पेट्रोल हय कित्याक भरतास? पत्रादेवीक जावा, गोव्यात सात-आठ रुपये कमी." नवरा लगेच चावी शोधू लागला. मामांनी वही उघडली. पत्रादेवीपर्यंत जाऊन-येऊन पस्तीस-एक किलोमीटर, म्हणजे दोन लिटर पेट्रोल, म्हणजे दोनशे रुपये. टाकीत बसणार फार तर तीस लिटर, त्यावर सुटणार दोनशेदहा ते दोनशेचाळीस. तासभर घालवून हातात चहाचे पैसे. मालकांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण ते कामासाठी गोव्याला जातातच आणि येताना भरून आणतात. वाट वाकडी करून जाणाऱ्याला मात्र त्यातून काही सुटत नाही. मुंबईकरांसाठी हाच हिशेब अहमदाबाद महामार्गावर लागू पडतो. गुजरातेतून परत येत असाल तर तलासरीच्या आधी, त्यांच्या हद्दीत टाकी भरून घ्या. पण स्वस्त पेट्रोलसाठी मुद्दाम वापीला जाणे म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याऐवजी कोहळा देऊन आवळा घेणे.

पुढे कणकवली, राजापूर, लांजा हा महामार्गाचा भाग रुंद आणि मोकळा आहे. हवा सुखद असल्याने एसी बंद ठेवून काचा उघडल्या, पण वेग सत्तरच्या पुढे गेल्यावर मामांनी त्या वर घ्यायला लावल्या. उघड्या काचा त्या वेगाला हवा अडवतात, त्यापेक्षा पंखा किंवा हलका एसी बरा. शहरातल्या संथ रहदारीत उलट करावे.

हातखंब्याजवळ एका सीएनजी पंपाबाहेर लांब रांग होती. त्यात ठाण्याचे एक कुटुंब भेटले. शहरात त्यांचा खर्च आमच्या निम्म्याच्या जवळपास येतो, पण कोकणात पंप विरळ असल्याने प्रत्येक मुक्काम पंप बघून ठरवावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. "गॅस संपला की पेट्रोलवर चालते, पण तेव्हा जीव तुटतो," असे त्या काकू म्हणाल्या.

गणपतीपुळ्याला दर्शन, उकडीचे मोदक आणि समुद्र.

चौथा दिवस: जयगडची फेरीबोट आणि गुहागर

गणपतीपुळ्याहून निवळी, चिपळूण करत गुहागरला रस्त्याने जाण्याऐवजी आम्ही जयगडला गाडी फेरीबोटीवर चढवली आणि खाडीपलीकडे तवसाळला उतरलो. अंतर निम्म्याहून कमी होते. वाचलेल्या किलोमीटरचे पेट्रोल सुमारे पाच लिटर धरले, तर बोटीचे भाडे त्याच्या निम्म्याच्या आसपास पडले. बोटीवर चढल्यावर एक गोष्ट सांभाळावी: इंजिन बंद, हँडब्रेक वर आणि गाडी गिअरमध्ये. ज्या खलाशाने आमच्या चाकामागे लाकडी ठोकळा सरकवला तो मामांना ओळखणारा निघाला. त्याच्या शाळेची गाडी मामा चालवत. मग भाड्यावरून वाद, "मामांकडनं घ्यायचे नाहीत," आणि मामांचे "पावती फाड."

सगळ्याच बोटींना हे गणित लागू होत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, 2020 साली सुरू झालेली, अलिबागचा मोठा वळसा वाचवते; पण मोटार आणि माणसे मिळून तिचे भाडे वाचलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त होते. तिथे आपण पैसे मोजतो ते वेळेसाठी आणि वडखळची कोंडी टाळण्यासाठी.

गुहागरला मामांच्या वहिनींनी कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी केली होती. तलाठी कार्यालयातले काम अर्ध्या तासात झाले, यावर अजूनही कोणाचा विश्वास बसलेला नाही.

पाचवा दिवस: धोपावे, दापोली, मुंबई

सकाळी गुहागरातच टाकी फुल केली, मग धोपाव्याहून दाभोळला बोट, दापोलीत चहा, खेडला महामार्ग. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून घाटातली चढ-उतार आणि ट्रकमागची रखडपट्टी वाचते. इथपर्यंत पडद्यावरचा आकडा विसाच्या खाली आला नव्हता. माणगावला मात्र नाताळच्या सुटीवरून परतणारे सगळे एकदम भेटले आणि गाडी तासाहून अधिक काळ रांगली. जागेवर उभे असलेले छोटे पेट्रोल इंजिनही तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त जाळते, एसी चालू असेल तर अधिक. मामांचा नियम असा की पुढची रांग हलत नाही असे दिसले की इंजिन बंद करायचे, आणि दर दोन फुटांना सरकण्याऐवजी पाच-सहा गाड्यांची जागा होऊ द्यायची. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. तो जागा भरायला डावीकडून घुसला आणि पळस्प्यापर्यंत आमच्याच आगेमागे राहिला.

मुलुंडला त्याच पंपावर टाकी फुल केली. या टप्प्याची सरासरी 17.1, सगळ्यात वाईट, आणि ती सर्वस्वी माणगावची देणगी होती. सगळा प्रवास साधारण 1030 किलोमीटरचा, पेट्रोल 54 लिटर, सरासरी एकोणीस. मागच्या वेळच्या साडेपंधराच्या हिशेबाने 66 लिटर लागले असते. म्हणजे बारा लिटर, साडेबाराशे रुपये सुटले. त्यातून द्रुतगती मार्गाचा 320 रुपयांचा टोल आणि दोन फेरीबोटींचे भाडे निघूनही थोडे उरते, असे मामांनी शेवटच्या पानावर लिहिले. त्याखाली त्यांनी उजव्या टायरची आठवण केली होती: आतली कड झिजते म्हणजे अलाइनमेंट गेले आहे, आणि तिरके चाक रस्त्यावर घासत जाऊन पेट्रोलही खाते व टायरही. पुढच्या शनिवारी अलाइनमेंट करून घेतले. मेकॅनिकने यंत्रावर दाखवले तेव्हा दोन्ही पुढची चाके बाहेर वळलेली होती. आता मुलुंड ते अंधेरीच्या रोजच्या फेरीत फरक पडतो का, ते पुढच्या टाकीला कळेल.